भादव्यातली कबड्डी

आमच्याकडे मार खाल्लेला माणूस दवाखान्यात गेला की तो कबड्डी खेळताना पडलेला असतो. डोकं फुटलं, कबड्डी. बरगडी मोडली, कबड्डी. भावकीत बांधावरून कोयता चालला आणि मनगट अर्धं लोंबायला लागलं, तरी केसपेपरवर कबड्डीच. खरं सांगितलं तर पोलीस केस होते, जबाब होतात, घराण्याचं नाव जातं. कबड्डीत सगळं खपतं, कारण थळच्या मागच्या आमच्या खाडीपट्टीत कबड्डी न खेळलेला बाप्या शोधून सापडायचा नाही. सोळा वर्षांपूर्वी माझ्या आईचं डावं मनगट मोडलं तेव्हा मात्र जरा पंचाईत झाली होती. बाईमाणसाची कबड्डी कोण मानणार? मग ती विहिरीवर पाय घसरून पडली. ते मनगट अजून वाकडं आहे. भाकरी थापताना ती उजव्या हातानेच सगळा जोर लावते.

मी दिपाली. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात मला आत्तापासून डॉक्टरीण म्हणतात आणि ते सगळ्यात मोठ्याने म्हणतो माझा बाप. रामचंद्र म्हटलं की पंचक्रोशीत चार डंपर आणि एक तोंड ओळखलं जातं. त्याच्या बापाने मिठागरात पाय खारवले. याने भरावाच्या मातीवर घर बांधलं. लग्नाच्या मांडवात मला खांद्याला धरून पुढे करायचा आणि सांगायचा, ‘माजी पोर. मुर्दं फारते.’ मुडदे फाडते, याचा त्याला फार अभिमान. माझ्या प्रवेशाच्या दिवशी हा माणूस ओक्साबोक्शी रडला होता. तो वाईटच असता तर माझं काम सोपं झालं असतं.

गौरी-गणपती पाण्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. श्रावणापासून घरात मासळी शिजली नव्हती. मी सुट्टीवर आले होते, म्हणून दिपेश, माझा मोठा भाऊ, सकाळी सहाला घरामागच्या तळ्यावर गेला आणि पागाचं जाळं फेकून त्याने जिताडा काढला. चांगला हाताएवढा. ‘डॉक्टरणीला भेजा चालवाला ताकद पायजे,’ म्हणाला आणि मासा आईपुढे टाकला. बापाने तो जिताडा एका साहेबासाठी राखला होता. आमच्याकडे कामं अर्जाने होत नाहीत, जिताड्याने होतात. हे दिपेशला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. पण लेक वर्षातून दोनदा येते, म्हणून ती गप्प राहिली आणि तिने मासा कापला.

नऊ वाजता बाप बांधावरून आला. पायात कामावरचे बूट, लोखंडी टोकाचे. चुलीवर कालवण उकळत होतं. त्याने वाकून भांड्यात बघितलं, शेपटी ओळखली आणि विचारलं, ‘कोनी काढला?’

आई म्हणाली, ‘मी सांगितला काढाला.’

त्याने भांड्याला लाथ घातली. अर्धं कालवण आईच्या पावलांवर गेलं. ती ओरडायच्या आत त्याने तिचा अंबाडा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात दिपेश मध्ये घुसला. ‘बाबा, मी काढला! तिला सोर!’ चोवीस वर्षांचा धडधाकट गडी, डंपरचं चाक एकटा बदलणारा, पण बापावर हात उचलायचा नाही म्हणून त्याने हात मागे बांधल्यासारखे ठेवले. बापाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पाटावर अडखळून उजव्या कुशीवर पडला. मग बुटाची लाथ, डाव्या बरगड्यांखाली. आणि त्याच जागी दुसरी. दुसऱ्या लाथेचा आवाज मला अजून येतो. ओल्या पोत्यावर दांडकं मारावं तसा.

मी हातातला तांब्या फेकला. तो बापाच्या कानावर लागला. त्याने माझ्याकडे बघितलं, कानाला हात लावला, बोटावरचं रक्त बघितलं आणि बाहेर जाऊन टाकीवर तोंड धुतलं.

त्यानंतर आमच्या घरात नेहमी होतं तेच झालं, म्हणजे काहीच नाही. आईने फरशी पुसली. मी तिच्या पावलांवर गार पाणी ओतलं. दिपेश म्हणाला, ‘मना काय झाला नाय.’ साडेबाराला बाप जेवायला बसला आणि भांड्यात उरलेला तोच जिताडा भाताबरोबर खाल्ला. वाढला मी. मला माझीच किळस आली. तरीही दुसऱ्यांदा भात मीच वाढला.

एक वाजता दिपेशचा डावा खांदा दुखायला लागला.

खांद्याला काही लागलेलं नव्हतं. पण तो मुठी आवळून कण्हत होता, आणि दिपेश कण्हणारा माणूस नाही. बापाने येसाजी काकांना बोलावलं. येसाजी काका म्हणजे आमच्या पट्ट्यातले हाडवैद. सत्तरी उलटली, पण निखळलेला खांदा बोलता बोलता बसवतात. त्यांनी तेल लावलं, खांदा चारी अंगांनी फिरवला, काखेत बोटं घातली आणि खांदा परत एकदा चाचपला.

‘हाड जाग्यावर हाय,’ ते म्हणाले. ‘शीर पन मोकली हाय. दुखतंय खांद्यान, पन खांद्यान काय नाय. मना यातला समजत नाय, रामचंद्रा.’

पन्नास वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच या माणसाने ‘मना समजत नाय’ म्हटलं. खांद्यात दुखतंय, पण खांद्यात काही नाही. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. कुठे ते आठवलं आणि मी उठून दिपेशपाशी गेले.

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत शरीररचनेच्या सरांनी मला विचारलं होतं, ‘प्लीहा फुटली तर खांदा का दुखतो?’ मी दगडासारखी उभी राहिले. सर चिडले नाहीत. म्हणाले, ‘गर्भात श्वासाचा पडदा तयार होतो तो मानेपाशी. मग खाली उतरतो आणि छाती-पोटाच्या मध्ये बसतो. पण त्याची नस मानेतलीच राहते. मुंबईला नोकरी करणाऱ्याचं रेशनकार्ड गावीच असतं ना, तसं. पोटात रक्त साचलं, पडद्याला लागलं, की पडदा बोंब मारतो ती जुन्या पत्त्यावर. मानेची तीच मुळं खांद्यालाही जातात. मेंदूला वाटतं खांदा दुखतोय.’ सगळे हसले. मला पन्नासपैकी एकवीस मिळाले.

दिपेशला मी जमिनीवर आडवं केलं आणि त्याचे पाय उचलून धरले. तो किंचाळला. ‘खांदा! खांदा!’ पोटातलं रक्त वर पडद्याकडे सरकत होतं. डाव्या बरगड्यांखाली मी बोटं दाबली, तर त्याने माझं मनगट पिरगळलं. नाडी मोजली. एकशे बारा. ओठ फिके. तो एकसारखा जांभया देत होता आणि पाणी मागत होता.

‘पाणी देऊ नका,’ मी ओरडले. ‘बाबा, गाडी काढ. याच्या पोटात रक्त वाहतंय.’

‘खांदा दुखतंय त्याचा.’

‘खांदा नाही. तू लाथ मारलीस तिथे प्लीहा असते. जुन्या बायका म्हणतात ती पाणथरी. स्पंजासारखी असते, रक्ताने भरलेली, वर कांद्याच्या पापुद्र्याएवढी साल. ती फाटली आहे.’

‘कालची पोर मना शिकवते,’ बाप येसाजी काकांना म्हणाला. काका हसले नाहीत. तेलाची बाटली बंद करत म्हणाले, ‘पोर बोलते त्यावर जा. माज्या हातचा असता तर मी सांगितला असता.’

बाप उठला. चावी घेतली. दाराशी थांबला आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला, ‘कबड्डी खेलताना खांद्यावर परला. कलला?’

आई म्हणाली, ‘व्हय.’ दिपेश म्हणाला, ‘व्हय.’

आणि मीही हो म्हटलं. गाडी निघावी म्हणून म्हटलं. एकदा दवाखान्यात पोचलो की डॉक्टरांना दिसेलच की, असं मला वाटलं. दुसऱ्या वर्षाच्या पोरीचा अहंकार. रोग्याने सांगितलेल्या हकिकतीवरून अर्धं निदान होतं हे मी वहीत तीनदा लिहिलं होतं, लाल शाईने.

चौलच्या रस्त्याला एका ट्रस्टचं इस्पितळ आहे. तिथे पोचेपर्यंत पावणेतीन झाले. ड्युटीवर डॉक्टर अमिषा होत्या. तरुण, सकाळपासून उभ्या, बाहेरगावच्या. त्यांनी विचारलं काय झालं, बापाने सांगितलं, दिपेशने मान डोलावली.

‘पोटाला लागलं का कुठे?’

‘नाय,’ दिपेश म्हणाला.

त्यांनी रक्तदाब घेतला. एकशे दहा. बरा आहे म्हणाल्या. नाडी जलद आहे, पण दुखत असलं की होते. वेदनेची सुई, खांद्याचा एक्स-रे. तरण्या माणसाचं शरीर रक्त गेलं तरी बराच वेळ दाब धरून ठेवतं, नाडी पळवून पळवून धरून ठेवतं, आणि मग एकदम सोडून देतं. हे मला माहीत होतं. मी बापाकडे बघितलं. तोंड उघडलं नाही. एक्स-रेच्या रांगेत आम्ही वीस मिनिटं बसलो. ती वीस मिनिटं माझी. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येणार नाहीत.

एक्स-रेच्या दारात दिपेशने माझा हात धरला. त्याचा तळवा थंड आणि ओला होता. ‘दिपे,’ तो म्हणाला, ‘मना कालोख दिसतंय.’ आणि खाली बसला. वॉर्डबॉयने त्याला स्ट्रेचरवर घेतलं.

मी धावत अमिषा मॅडमकडे गेले. ‘मॅडम, कबड्डी खोटी आहे. डाव्या बरगडीखाली दोन लाथा बसल्यात, लोखंडी टोकाच्या बुटाच्या. प्लीहा फाटली आहे. पोटाची सोनोग्राफी करा.’

त्या माझ्या मागून स्ट्रेचरपाशी आल्या. ‘तुमच्या पोटात कोणी लाथ मारली?’

दिपेशने डोळे मिटले होते. ‘कबड्डी,’ तो म्हणाला. काळोखात बुडत असतानाही बापाला वाचवत होता.

‘पोर घाबरलीय,’ बाप म्हणाला. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘डॉक्टरीच शिकते मॅडम, म्हनून तिला सगलीकडं रोग दिसतात.’ अमिषा मॅडम थोडं हसल्या. त्या पोट तपासणार होत्या, पण आधी एक्स-रे बघू म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. दोन माणसं एक सांगत होती आणि तिसरी घाबरलेली पोर.

आता माझ्यापाशी एकच पुरावा उरला होता, आणि तो बुटासकट माझ्या शेजारी उभा होता.

शरीरशास्त्रातलं पुष्कळ काही मी विसरेन, पण बापाचा राग मला पाठ आहे. आधी कानाच्या पाळ्या लाल होतात. मग तो मनगटाने ओठ पुसतो. मग हात सुटतो. आणि लोकांसमोर अपमान झाला की पहिल्या दोन पायऱ्या तो गाळतो.

मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्या हॉलमधल्या वीस-पंचवीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्याच भाषेत म्हणाले, ‘सांग ना, कुठं मारलास लाथ? इथं?’ मी माझ्या बरगडीवर हात ठेवला. ‘पोराला माराला ताकद हाय, बोलाला नाय? सगला गाव बोलतं, रामचंद्र घरानच वाघ. बाहेर साहेबाचे पाय चाटतं, जिताडा घेऊन.’

‘दिपे, गप.’

‘बायकोचं मनगट मोरलं तवा पन असाच गप होतास. नामर्द.’

थप्पड बसली. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. मी पडले. पडतानाच मी डावी कूस फरशीला दाबून गुडघे पोटाशी घेतले, कारण पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं आणि प्लीहा कुठे असते तेही. बूट आला. कमरेच्या हाडावर बसला. दुसरा पाठीवर. डोळ्यांपुढे पांढरं झालं. माणसं धावली, कोणीतरी बापाला मागून मिठी घातली, तरी त्याचा पाय हवेत चालतच होता.

‘असंच,’ मी फरशीवरून अमिषा मॅडमना म्हणाले. ‘असंच त्याला मारलं. आता बघा पोट.’

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्या सरळ स्ट्रेचरकडे वळल्या, शर्ट फाडला आणि ओरडल्या, ‘सोनोग्राफी मशीन! दोन सलाईन, मोठ्या सुया! सर्जनना फोन लावा!’ रक्तदाब सत्तर झाला होता. मशीनच्या पडद्यावर पोटात सगळीकडे काळं काळं दिसत होतं. ते काळं म्हणजे माझ्या भावाचं रक्त.

साडेतीनला त्याचं पोट उघडलं. दोन लिटरच्या वर रक्त निघालं. प्लीहेचे दोन तुकडे झाले होते, ती काढूनच टाकावी लागली. सर्जन संध्याकाळी बाहेर आले आणि मला म्हणाले, ‘अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी पोट न उघडताच मृत्यूच्या दाखल्यावर सही केली असती.’ मग पुढचं सांगितलं. आता जन्मभर जंतुसंसर्गापासून जपायचं, लसी चुकवायच्या नाहीत. ‘आणि याला परत मार बसता कामा नये. कुठे राहतो हा?’

‘घरी,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जबाब घ्यायला सदा हवालदार आला. आमच्याच पट्ट्यातला. हिवाळ्यात गावोगावच्या कबड्डी सामन्यांना शिट्टी घेऊन पंच म्हणून हाच उभा असतो. दिपेश शुद्धीवर होता, पोटावर बेंबीच्या वर-खाली टाक्यांची रेघ, नाकात नळी. बाप पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. पांढरा शर्ट घालून आला होता. त्या रात्री त्याने मुलासाठी दोन बाटल्या रक्त जमवलं होतं. एक त्याचीच होती. आई खिडकीखाली बसली होती, पावलांवर फोड.

‘काय झाला?’ सदाने विचारलं.

दिपेशने बापाकडे बघितलं. ‘कबड्डी.’

‘भादव्यान?’ सदा म्हणाला. ‘चिखलान? कंच्या मैदानान?’

‘घरामागं. पोरांबरोबर.’

सदाने मान हलवली आणि तरीही लिहायला घेतलं. असे जबाब त्याने शेकड्यांनी लिहिले असतील. दोन ओळी लिहून झाल्यावर माझ्या ओठाकडे बघितलं. ‘तू पन खेलत होतीस कं?’

‘बापाने लाथा मारल्या,’ मी म्हणाले. ‘त्याला घरी, मला इथे. इथल्या पंचवीस माणसांनी बघितलंय.’

‘दिपे,’ दिपेश कळवळून म्हणाला. ‘जाऊ दे ना. बाबा हाय तो.’ त्याच्या डोळ्यांतून पाणी नळीवर ओघळलं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. मी काहीच केलं नाही. बाप खाली बघत होता, स्वतःच्या पायांकडे. पायांत आज चपला होत्या.

सदाने पेन थांबवलं. ‘मार खाल्ला तो नाय बोलते. बहीन व्हय बोलते. तुजा तू लिवून देशील पोरी, पन याच्या पोटाचा काय लिवू?’ त्याने वहीवरून नजर उचलली. ‘घरान अजून कोन होता?’

आम्ही सगळे खिडकीकडे वळलो. तिला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वीसुद्धा डॉक्टरांनी विचारलं होतं बापाला.

आई उठली. भाजलेल्या पावलांवर सावकाश चालत पलंगापाशी आली. दिपेशच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले. मग डाव्या हाताची बाही वर करून ते वाकडं मनगट सदा हवालदाराच्या वहीवर, त्याने लिहिलेल्या दोन ओळींवर ठेवलं.

‘हे आदी लिवा,’ ती म्हणाली. ‘मी विहिरीवर घसरली नव्हती. तिथून लिवा.’